एक्केचाळीस सीटचं घर

जुन्या बसगाड्यांच्या जगात दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांना पाण्यात पाहतात. एक जीर्णोद्धारवाल्यांचा. कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडली त्या दिवशी बस जशी होती तशीच ती पुन्हा दिसली पाहिजे, सीटचं कापड त्याच विणीचं आणि रंग त्याच छटेचा, असा यांचा आग्रह. दुसरा बिऱ्हाडवाल्यांचा. हे लोक बस विकत घेतात आणि पहिल्याच रविवारी तिच्यातल्या सगळ्या सीटा उपटून अंगणात रचतात. मग आत पलंग, ओटा, न्हाणीघर, फ्रीज. पहिल्यांच्या लेखी दुसरे खाटीक. दुसऱ्यांच्या लेखी पहिले बडवे.

मी अमेरिकेत ओहायोत राहतो आणि या भांडणात पडायचं मला काही कारण नव्हतं. पण आमच्या शेजाऱ्यांनी निवृत्तीनंतर एक बस आणून परसात उभी केली. परसात म्हणजे नेमकी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर. पस्तीस फूट लांब, आठ फूट रुंद, दोन्ही अंगांना आडव्या पन्हळींचा ॲल्युमिनियमचा पत्रा. बायको चहा गाळता गाळता म्हणाली, "झालं. आता आपल्याकडे सूर्य दहाला उगवणार." शेजारी हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवायचे. माझी आई आटपाडीहून आमच्याकडे आली, की त्यांना पहिल्या भेटीपासून 'मास्तर' म्हणते, म्हणून आमच्या घरात त्यांचं तेच नाव पडलं. मास्तर बिऱ्हाड पंथाचे. मीही त्यात ओढला गेलो, कारण रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात आणि त्यांच्या बायकोने पहिल्याच दिवशी हात झटकले होते.

बस जनरल मोटर्सची, मॉडेल पीडी-४१०४. पी म्हणजे पार्लर, लांब पल्ल्याची आरामगाडी; डी म्हणजे डिझेल; ४१ सीटा; ०४ हा मालिकेतला क्रमांक. १९५३ ते १९६० या काळात अशा पाच हजारांवर गाड्या निघाल्या. विमानाचं तिकीट तेव्हा सामान्य अमेरिकन माणसाच्या आवाक्यात नव्हतं आणि सरकार हमरस्त्यांचं नवं जाळं विणत होतं. त्या रस्त्यांवर ग्रेहाउंडसारख्या कंपन्यांनी या गाड्या रात्रंदिवस पळवल्या. हिचं मोठं नवल म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी फुग्यांवर तोललेलं अंग. खड्ड्यातून जाताना ही गाडी आपटत नाही, मान डोलावते.

हिच्यापेक्षा दिमाखदार एक थोरली बहीण होती, सीनिक्रूझर. रेमंड लोवी या नामांकित डिझायनरच्या हातची, दीड मजली, मागे दोन इंजिनं एकत्र जोडलेली. १९५४ ते १९५६ या काळात अशा १००१ गाड्या केवळ ग्रेहाउंडसाठी बनल्या. जोडइंजिनांनी इतका छळ मांडला, की पुढे सगळ्यांची इंजिनं बदलावी लागली. कंपनीने काढून टाकल्यावर या गाड्यांचं काय झालं हे पाहिलं, तर माझा पंथ मी का निवडला ते कळेल. भंगारात गेल्या त्या गेल्या. ज्या उरल्या त्या चर्चच्या भजनी मंडळांनी घेतल्या, मजूर नेणाऱ्या मुकादमांनी घेतल्या, गावोगाव कार्यक्रम करणाऱ्या कंट्री संगीतवाल्यांनी घेतल्या. आणि त्यांच्याकडून, किंवा सरळ कंपनीच्या आवारातून, बायकापोरांना घेऊन देश बघायला निघालेल्या माणसांनी. हल्ली संग्रहालयवाले पन्नास-साठच्या दशकातली धडकी गाडी शोधायला निघतात तेव्हा तिच्यात बहुतेक वेळा पलंग सापडतो. त्या पलंगाला ते शिव्या देतात. पण पलंगामुळेच तर कुणीतरी तिच्या छपराची गळती बुजवत राहिलं, टायर बदलत राहिलं, हिवाळ्याआधी पाणी काढून ठेवत राहिलं.

बिऱ्हाडवाला म्हटलं, की लोकांच्या डोळ्यांसमोर गांजेकस हिप्पी येतो. त्याला कारण केन केसी या कादंबरीकाराची 'फर्दर' ही रंगीबेरंगी बस. १९३९ सालची इंटरनॅशनल हार्वेस्टरची शाळेची गाडी, १९६४ साली कॅलिफोर्नियाहून न्यूयॉर्कला मित्रमंडळी भरून गेलेली. पण तिच्यातले पलंग आणि स्वयंपाकघर केसीचे नव्हतेच. आधीच्या मालकाने ते आपल्या अकरा मुलांना सुट्टीत फिरवून आणायला बसवले होते. मला केसीपेक्षा त्या अकरा पोरांच्या बापाबद्दल जास्त कुतूहल आहे. अकरांची आंघोळ, अकरांची भांडणं, अकरांचं "किती लांब राहिलं हो?" आणि हा माणूस स्टिअरिंगवर. त्याच्यावर मात्र कुणी पुस्तक लिहिलं नाही.

एसटीच्या गाडीचा सांगाडा आपल्याला ओळखीचा असतो. टाटाची किंवा लेलँडची चेसिस दापोडीच्या किंवा हिंगण्याच्या कार्यशाळेत यायची आणि तिच्यावर तिथले कारागीर बॉडी बांधायचे. बॉडी खिळखिळी झाली तरी खाली चेसिसचे दोन दणकट रूळ असतात. मास्तरांच्या बसला असे रूळच नाहीत. जमीन, बरगड्या, छप्पर आणि अंगावरचा पत्रा मिळून भार उचलतात, विमानासारखा. त्यामुळे हौशी माणूस करवत घेऊन "इथं एक मोठी खिडकी काढू" म्हणतो तेव्हा तो भिंतीला नव्हे, कण्याला हात घालत असतो. मास्तरांना हे पक्कं ठाऊक होतं. नको असलेल्या खिडक्या बुजवायच्या, पण बुजवायचा पत्रा रिव्हेटनेच जडवायचा, स्क्रूने नाही, हा त्यांचा नेम.

जुना पत्रा काढला की आत काय दिसतं ते सांगतो. ॲल्युमिनियम आणि पोलाद जिथे एकमेकांना टेकतात आणि मध्ये ओल शिरते, तिथे पांढरी भुकटी साठते, पापड्यासारखी. बोटाने खरवडली की खालचा पत्रा चाळणीसारखा निघतो. ओहायोच्या रस्त्यांवर हिवाळ्यात बर्फ वितळवायला मीठ टाकतात, ते या भुकटीला खतपाणी. जुन्या रिव्हेटचं डोकं ड्रिलने अलगद कापायचं, पंच ठेवून उरलेला दांडा मागे पाडायचा, दोन धातूंच्या मध्ये रंगाचा थर द्यायचा आणि मग नवा रिव्हेट. मास्तर बाहेर, हातात हवेवर चालणारी हातोडी. मी आत, बरगड्यांच्या मध्ये अंग घालून, हातात डॉली. डॉली म्हणजे मुठीत मावेल असा वजनदार लोखंडी ठोकळा. बाहेरून दणका बसतो, आत दांड्याचं टोक डॉलीवर चेपलं जाऊन चपट्या गुंडीसारखं होतं. ती गुंडी कमी चेपली तर रिव्हेट सैल, जास्त चेपली तर पत्र्याला चीर.

आतल्या माणसाला बाहेरचा दिसत नाही आणि हातोडीच्या आवाजात हाकही ऐकू येत नाही. म्हणून खुणा ठरलेल्या, विमानाच्या कारखान्यांतून चालत आलेल्या. आतून पत्र्यावर एक टकटक: अजून मार. दोन: जमला, पुढच्याला चल. तीन: बिघडला, काढ. मास्तर मला हे फळ्यावर लिहून समजावणार होते. पण दोन म्हणजे चला पुढे, एवढं मला विटा-आटपाडी गाडीच्या कंडक्टरने लहानपणीच शिकवलं होतं. त्या हिवाळ्यात आमचं बोलणं बहुतेक टकटकीतच झालं. मित्रांच्या जोडगोळीला याहून बरी भाषा मी पाहिलेली नाही. राजकारणावर आमचं एकमत होणं अशक्य होतं. रिव्हेटवर मात्र झालं नाही असं कधी घडलं नाही.

इंजिनाचं प्रकरण वेगळं. मागच्या बाजूला आडवं बसवलेलं डेट्रॉइट डिझेल, सिक्स-सेव्हंटीवन. सहा सिलिंडर, प्रत्येक ७१ घनइंचाचा, एकूण सात लिटरच्या आसपास. ही मालिका १९३८ साली आली. टू-स्ट्रोक डिझेल, आपल्या जुन्या लूना-बजाजचं तत्त्व, पण रणगाड्याच्या मापात. हिच्या सिलिंडरमध्ये हवा आपोआप शिरत नाही, दात असलेल्या दोन रोटरांचा ब्लोअर ती आत कोंबतो. प्रत्येक फेऱ्याला स्फोट होत असल्यामुळे कानाला हे इंजिन दुप्पट वेगाने पळतंय असं वाटतं. ते सावकाश चालू असतं तेव्हासुद्धा घाईत असल्यासारखं ओरडतं. शेजारपाजारच्यांनी या आवाजाबद्दल मास्तरांना पत्रं पाठवली. आम्ही खिडकीजवळ असूनही पाठवलं नाही, यात माझ्या शालीनतेपेक्षा रिव्हेटांचा वाटा मोठा.

या इंजिनांमागे ज्याचा हट्ट होता तो माणूस आमच्याच भागातला, म्हणून थोडं सांगतो. चार्ल्स केटरिंग, जन्म १८७६, ओहायोतल्या लाउडनव्हिल गावाजवळ. हँडल फिरवून मोटार चालू करण्याच्या कटकटीतून ज्याने जगाची सुटका केली तोच हा. त्याचा विजेवरचा सेल्फ-स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला. पुढे जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचा प्रमुख झाल्यावर त्याने टू-स्ट्रोक डिझेलचा ध्यास घेतला. त्याच लाउडनव्हिलमध्ये मोटरसायकलींच्या साइडकार बनवता बनवता बसगाड्या बनवू लागलेली फ्लेक्सिबल नावाची कंपनी होती आणि केटरिंग तिच्या संचालक मंडळावर होता. फ्लेक्सिबलच्या चाळीसच्या दशकातल्या 'क्लिपर' गाड्या गोलाकार, थेंबासारख्या. त्यांतल्याही जवळजवळ सगळ्या हयात गाड्या बिऱ्हाडवाल्यांनीच वाचवल्या आहेत. त्यांचे मालक लाउडनव्हिलला मेळाव्यासाठी जमतात. गाव केवढं, तर आपल्या एखाद्या बाजाराच्या गावाएवढं. मेळावा भरला की लेक माहेरी आल्यासारखं तिथल्या म्हाताऱ्यांना वाटत असणार. गाड्या बांधणारे हात त्यांच्याच घरांतले.

टू-स्ट्रोक डिझेलच्या दोन खोड्या मास्तर विद्यार्थ्यांना सांगावं तशा रंगवून सांगत. चढावर गाडी मागे सरकून इंजिन बंद पडता पडता उलटं फिरलं, तर ते उलटंच चालू राहू शकतं. मग धूर हवेच्या फिल्टरमधून बाहेर येतो आणि ड्रायव्हरला आपण वेडे झालो असं वाटतं. दुसरी खोडी जीवघेणी. सील गळून वंगणाचं तेल हवेच्या वाटेत शिरलं, तर इंजिन तेच तेल जाळत सुटतं. चावी बंद करा, डिझेल तोडा, ते थांबत नाही, वेग वाढवत राहतं. त्यासाठी हवेची वाटच बंद करणारी एक झडप असते, ड्रायव्हरच्या हाताशी. बाकी रोजची गळती ही या इंजिनाची प्रकृतीच. मास्तर म्हणत, "ज्या दिवशी खाली थेंब दिसणार नाही, त्या दिवशी समज, आत तेलच उरलं नाही."

आता सीटांकडे येतो, कारण खरा वाद तिथे आहे.

मास्तरांनी सीटा काढल्या, सीटांचे पाय ज्यात बसवले होते त्या पट्ट्या काढल्या आणि मग खालचं कुजलेलं प्लायवूड उचकटलं. खाली केसांच्या पिना, बाटल्यांची बुचं, एक-एक सेंटची नाणी, पेन्सिलीचा तुकडा. ही गाडी कुठल्या राज्यांतून धावली याचे कागद हाती आले नव्हते. पण १९५५च्या नोव्हेंबरात राज्याराज्यांतल्या वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या आयोगाने निकाल दिला, की आंतरराज्य बसमध्ये काळ्या प्रवाशांना वेगळं बसवता येणार नाही, आणि दक्षिणेत तो कुणी जुमानला नाही, तेव्हा याच मॉडेलच्या गाड्या रस्त्यावर होत्या. १९६१च्या मेमध्ये काळे-गोरे तरुण मुद्दाम शेजारी-शेजारी बसून दक्षिणेकडे निघाले आणि १४ मे रोजी अलाबामातल्या ॲनिस्टनजवळ त्यांची ग्रेहाउंड बस जमावाने पेटवून दिली, तेव्हाही होत्या. त्यानंतर आयोगाचा नवा, कडक नियम १ नोव्हेंबर १९६१पासून लागू झाला. म्हणजे या एक्केचाळीस सीटा नुसत्या सीटा नव्हत्या. कोण कुठे बसणार याचा तो नकाशा होता आणि त्यावर माणसं मेली आहेत.

जीर्णोद्धारवाल्यांचं सगळ्यांत बळकट म्हणणं हेच. सीटा काढल्या की हा इतिहास पुसला जातो. म्हणून मी मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात जाऊन ती बस पाहिली, मॉन्टगोमेरी शहराची २८५७ क्रमांकाची. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या काळ्या महिलेने जिच्यात गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिला ती. बस १९४८ सालची. आपली पहिली एसटी १ जून १९४८ला पुण्याहून नगरला निघाली, म्हणजे दोघी एका वयाच्या. संग्रहालयात तिच्यात चढता येतं, सीटवर बसता येतं. शाळेच्या सहलीची पोरं चढतात, क्षणभर गप्प बसतात आणि मग कुणी कुठे बसायचं यावरून भांडतात. मला ते भांडण फार आवडलं.

पण या बसचा मधला काळ पाहा. सेवेतून निघाल्यावर ती एका माणसाने विकत घेतली आणि अलाबामात स्वतःच्या जागेत नेऊन टाकली. इंजिन नाही, सीटा नाहीत. तीसेक वर्षं त्याने तिच्यात लाकडं आणि हत्यारं ठेवली. संग्रहालयाने २००१च्या लिलावात ती ४,९२,००० डॉलरला घेतली आणि मग तिच्या खऱ्या रूपात आणली. ती लाकडं नसती तर? शेड म्हणून तरी ती कुणाच्या उपयोगाची होती, म्हणून तिच्यावर लोहाराची कात्री चालली नाही. इतिहास जपायच्या उदात्त हेतूने त्या तीस वर्षांत तिच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. मॉन्टगोमेरीच्या बसला सीटा परत मिळाल्याच पाहिजे होत्या. ती एका माणसाची, एका संध्याकाळची बस आहे. पण पाच हजार गाड्यांपैकी प्रत्येकीचं देऊळ करता येत नाही. काहींना संसाराला लावावं लागतं. पुण्यात जुन्या बसगाड्यांची महिलांसाठी स्वच्छतागृहं केली, ती पाहून मला जेवढा आनंद झाला तेवढा संग्रहालयं पाहून क्वचित होतो. एसटीच्या बाद गाड्या मात्र लिलावात जातात त्या बहुधा तुकडे व्हायलाच. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडीच्या मूळ घडणीत फेरफार करायला कलम ५२ आडवं येतं आणि हौस कागदपत्रांतच दमते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत बसची नोंद 'घर' म्हणून बदलून घेता येते. विमा मिळवायला मात्र इथेही चपला झिजतात.

बिऱ्हाडाची बाजू घेतो म्हणजे त्यातलं सगळं मला पटतं असं नाही. घर गाडीला खाऊ पाहतं, ही त्यातली मेख. रिकामी बस साधारण नऊ टनांची. सीटा काढल्यावर ती हलकी होते आणि माणसाचा हात सैल सुटतो. ओट्याला दगड हवा, कपाटं सागवानासारखी हवीत. त्यात जनरेटर, बॅटऱ्या, गॅसच्या टाक्या. शंभर गॅलनची पाण्याची टाकी भरली, की सुमारे ३८० किलो वाढले. मास्तर भौतिकशास्त्राचे असल्यामुळे वाचले. धान्याच्या गोदामातल्या ट्रकच्या काट्यावर ते गाडी अधूनमधून नेत आणि पुढचा आस, मागचा आस वेगवेगळा तोलत. दगडी ओट्याचा हट्ट त्यांच्या बायकोने काट्यावरचा आकडा पाहून सोडला, असं ते सांगत. बाई म्हणतात, दगडाचा भाव पाहून सोडला.

आई आली तेव्हा आतलं काम जवळजवळ पुरं झालं होतं. तिने पदर खोचून पुढून मागे तपासणी केली. ड्रायव्हरच्या मागे बाक, मग ओटा, मग न्हाणीघर-संडास, सगळ्यात मागे इंजिनाच्या वर आडवा पलंग. "मास्तरांना सांग, संडास आणि चूल एका भिंतीला? आणि देव कुठं ठेवायचे?" मी निम्मं भाषांतर केलं. मग तिला तीन टाक्या समजावल्या: चांगलं पाणी, सांडपाणी, मैला, आणि शेवटची कशी नळी लावून ठरलेल्या जागी रिकामी करावी लागते तेही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की याचसाठी का तुला इंजिनिअर केला. पण पाण्याचं गणित कळल्यावर ती खुलली. आटपाडीत टँकरच्या पाण्यावर उन्हाळे काढलेली बाई ती. जवळच्या तळ्याकाठी दोन कुटुंबं मिळून मुक्कामाला गेलो, तेव्हा मास्तर दर आंघोळीनंतर टाकीची पातळी बघत आणि कपाळाला हात लावत. आईने शॉवरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अर्धी बादली, एक तांब्या, आणि उरलेल्या पाण्यात पायपुसणं धुऊन वाळत घातलं. मास्तरांनी पातळी पाहिली. काटा जिथल्या तिथे. त्यांनी मला विचारलं, "त्यांनी आंघोळ केली ना?" हा प्रश्न मी आईपर्यंत पोचवला नाही.

पुढच्या जानेवारीत मास्तर दांपत्य ॲरिझोनाकडे निघालं आणि मी वाटेत त्यांना गाठून थोडा प्रवास केला. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. चार गिअर, सिंक्रोमेश नसलेले. एसटीच्या जुन्या ड्रायव्हरांना डबल क्लच म्हणजे काय ते सांगायला नको. क्लच दाब, न्यूट्रल, क्लच सोड, इंजिनाचा वेग उतरू दे, पुन्हा क्लच, मग दांडा पुढच्या घरात. तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये एवढं अंतर, की दांडा न्यूट्रलमध्ये असताना गाडीत एक रिकामा क्षण येतो. इंजिनाचा स्वर उतरत असतो, मागचे ट्रक चिकटत असतात, आणि घाई केली तर दात किरकिरतात. मास्तर त्या क्षणी ओठ मिटून मान किंचित तिरकी करत. ते आकडा बघत नव्हते, कान देत होते. स्वर जुळला की दांडा दोन बोटांनी आत जायचा. रिव्हर्सची तर आणखी तऱ्हा: बटण दाबायचं, मागे सोलेनॉइड खट् वाजेपर्यंत थांबायचं, मगच दांडा हलवायचा.

फ्लॅगस्टाफहून दक्षिणेला उतरणारा हमरस्ता म्हणजे ब्रेकची परीक्षा. सुमारे २१०० मीटर उंचीवरच्या पाइनच्या जंगलातून तासाभरात निवडुंगांच्या मुलखात. ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांना शिरायला वाटेत खडी भरलेली चढती वाट काढून ठेवली आहे. ती पाहिली की पोटात खड्डा पडतोच. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसलं तर ड्रम तापतात आणि ब्रेक हरतो. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर, आणि मग इंजिनानेच गाडी धरून ठेवायची. मागून वीस वर्षांची पोरं हॉर्न वाजवत गेली. मास्तरांनी हवेच्या दाबाचा काटा सोडून कुणाकडे पाहिलं नाही.

खालच्या एका ट्रक थांब्यावर एक म्हातारा जवळ आला. आयुष्यभर ग्रेहाउंड चालवलेला. मला वाटलं, सीटा कुठे गेल्या म्हणून आता हा भडकणार. त्याने गाडीभोवती फेरी मारली, टायरला बुटाची ठोकर दिली, आत डोकावला आणि विचारलं, "मागे पलंग आहे?" आहे म्हटल्यावर म्हणाला, "हजारो लोकांना मी या गाडीत झोपवून नेलं. स्वतः कधी आडवा झालो नाही." मास्तरांनी त्याला मागे नेलं आणि इंजिन चालू ठेवलं. खालून उबदार थरथर येणाऱ्या त्या पलंगावर तो बुटांसकट पडला, छताकडे बघत. बाहेर आल्यावर त्याने सर्व्हिसमनच्या थाटात शेरा दिला: "तिसऱ्या इंजेक्टरकडे बघा. ताल चुकतोय." तो खरंच चुकत होता.

आम्हाला जायचं होतं क्वार्टझसाइटला. हे वाळवंटातलं गाव आणि त्याभोवतीची सरकारी पडीक जमीन. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल तिथे थोडी फी भरून राहता येतं. पाण्याची-मैल्याची सोय ठरावीक ठिकाणी. जानेवारीत तिथे चाकांवरच्या घरांची अशी गर्दी होते, की रात्री टेकडीवरून पाहिलं तर जत्राच. बहुतेक गाड्या नव्या, पांढऱ्या, कंपनीने बनवलेल्या. त्यांच्यात मास्तरांची बस म्हणजे लग्नात धोतर नेसून आलेले आजोबा. लोक फोटो काढून घ्यायला येत. गावात एक छोटा पिरॅमिड आहे, त्याच्या टोकावर धातूचा उंट. खाली हाय जॉली झोपला आहे, मूळ नाव हाजी अली. मुंबईकराला नाव ऐकून समुद्रातला दर्गा आठवेल, पण हा ऑटोमन साम्राज्यातून आलेला उंटवाला. अमेरिकन लष्कराने वाळवंटात सामान वाहायला उंट आणवले, त्यांच्याबरोबर तो १८५६ साली आला. प्रयोग बारगळला, उंट विकले किंवा मोकळे सोडले, आणि तो इथेच राहून १९०२ साली वारला. वाहन बाद झालं तरी वाहक उरतो, त्याचं काय करायचं हे सरकारला तेव्हाही कळलं नव्हतं.

मग मास्तरांचा डावा गुडघा बोलू लागला. त्या क्लचला पाय नव्हे, मांडी लागते. बस विकायची ठरली आणि बघायला एक तरुण जोडपं आलं. मुलगी घरबसल्या काम करणारी, मुलगा सुतारकाम जाणणारा. त्यांनी मोजपट्टी काढली. कपाटं काढणार. छपरावर सौर पट्ट्या. इंजिन बदलून फोर-स्ट्रोक, गिअर ऑटोमॅटिक. मास्तरांचा चेहरा जीर्णोद्धार पंथाच्या अध्यक्षासारखा झाला. जोडपं गेल्यावर ते माझ्यावर उखडले, जणू मीच आणलं होतं त्यांना. "हे खाटीक आहेत. गाडीचा जीव त्या इंजिनात आहे." मी म्हटलं, "मास्तर, ज्याच्याकडून तुम्ही ही घेतलीत, त्याने तुम्हाला सीटा काढताना पाहिलं असतं तर काय म्हणाला असता?" ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सांगितलेल्या किमतीपेक्षा कमीत सौदा ठरवून मोकळे झाले, पण एक अट घालून: इंजिन नंतर खुशाल बदला, आधी गिअर टाकायला शिकून गाडी स्वतः चालवत न्यायची.

मुलगी पहिली बसली. मास्तर शेजारी उभे, जुना शिक्षकी आवाज लावून. पहिला पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला तिने घाई केली आणि सबंध गल्लीतले लोक दारात आले.